पिशवीवर नंबर आहे, नाव का नाही?

प्रश्न : सोलापूरला माझ्या आत्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी रक्त आणायला सांगितलं म्हणून मी रक्तपेढीत गेले. काउंटरवरच्या ताईंनी पिशवीवरचा नंबर मोठ्याने वाचला, मग रजिस्टरमधला वाचला, मग स्लिपवरचा वाचला, माझी सही घेतली आणि पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवून दिली. पिशवीवर गुलाबी लेबल होतं. रक्त कोणी दिलं त्याचं नाव कुठेच नव्हतं, फक्त नंबर आणि 'स्वेच्छा रक्तदाता' एवढंच. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कॉटवरच्या काकूंना पिवळसर पाण्यासारखी पिशवी लावली, तर तिच्यावरही अगदी तोच नंबर! आमची लाल, त्यांची पिवळी, मग नंबर एकच कसा? काही चूक झाली होती का? आमच्या गावातही रक्तदान शिबिरं होतात. तिथे दिलेलं रक्त कुणाला गेलं हे देणाऱ्याला का सांगत नाहीत?
— एक वाचक, वळसंग (ता. दक्षिण सोलापूर)

उत्तर : चूक झालेली नव्हती. दोन्ही पिशव्यांवर रक्तपेढीचं नाव एकच असेल, तर त्या एकाच माणसाच्या एकाच रक्तदानातून निघाल्या होत्या, आणि त्यांच्यावर एकच नंबर असणं हेच बरोबर आहे. हे तुमच्या नजरेने टिपलं याचं मला फार कौतुक वाटलं. पिशवी हातात घेऊन वॉर्डाकडे धावणारे नातेवाईक पुष्कळ असतात, लेबल वाचणारे थोडे. ते वाढावेत अशी मनापासून इच्छा आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

सुरुवात वळसंगच्याच एखाद्या शिबिरापासून करू. शाळेच्या वर्गात किंवा देवळाच्या सभामंडपात कॉट मांडलेल्या असतात. रक्त देणारा आधी फॉर्म भरतो. नाव, पत्ता, वय, आधी कधी रक्त दिलं होतं, कावीळ किंवा मलेरिया झाला होता का, कोणती औषधं चालू आहेत. मग वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली असलं तर त्याला परत पाठवतात आणि परत पाठवल्याचीही नोंद ठेवतात. डॉक्टरांनी होकार दिला की त्या रक्तदानाला एक नंबर मिळतो. तोच नंबर फॉर्मवर लागतो, मुख्य पिशवीवर लागतो, तिला नळीने जोडलेल्या रिकाम्या पिशव्यांवर लागतो आणि तपासणीसाठी रक्त घ्यायच्या छोट्या ट्यूबवरही लागतो. हे काम कॉटपाशीच, एका वेळी एकाच रक्तदात्याचं करायचं असतं. दहा जणांच्या ट्यूब गोळा करून टेबलावर नेल्या आणि मग सावकाश स्टिकर लावत बसलं, तर एखादी ट्यूब इकडची तिकडे व्हायला क्षण पुरतो. त्यानंतर प्रयोगशाळेत कितीही काटेकोर तपासणी केली तरी ती भलत्याच माणसाच्या रक्ताची होते.

पुन्हा कधी पिशवी हातात आली तर तिची नळी नीट पाहा. त्या नळीवर थोड्या थोड्या अंतरावर एक बारीक आकडा पुन्हा पुन्हा छापलेला दिसेल. तो रक्तपेढीने लिहिलेला नसतो. पिशवी बनवतानाच कारखान्यात छापलेला असतो. रक्त घेऊन झालं की सीलर यंत्राने नळी ठिकठिकाणी दाबून तिचे छोटे बंद कप्पे करतात. प्रत्येक कप्प्यात त्याच पिशवीतलं थोडं रक्त, आणि वर तोच आकडा. रुग्णाच्या रक्ताशी जुळणी करायची, म्हणजे क्रॉसमॅच करायचं, तेव्हा पिशवी उघडावी लागत नाही. नळीचा एक कप्पा कापून घेतात. ज्या रक्ताची जुळणी केली तेच रक्त पिशवीत आहे याची खात्री या छोट्याशा आकड्यामुळे होते. मला तर या सगळ्या व्यवस्थेतली ही सर्वांत सुंदर युक्ती वाटते.

रक्तपेढीत पोचल्यावर पिशवी सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवतात. जड तांबड्या पेशी तळाला बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो आणि प्लेटलेट वेगळ्या काढता येतात. जोडलेल्या रिकाम्या पिशव्या त्यासाठीच असतात. रक्ताला बाहेरची हवा न लागता एकेक घटक आपापल्या पिशवीत जातो. इथून तिघांच्या वाटा वेगळ्या. तांबड्या पेशी, ज्यांना दवाखान्यात 'पॅक सेल' म्हणतात, त्या 2 ते 6 अंश तापमानात ठेवतात. पिशवीत सीपीडीए द्रव असेल तर 35 दिवस टिकतात, सॅगएम घातलं तर 42 दिवस. प्लेटलेट 20 ते 24 अंशांत, सतत हलणाऱ्या फळीवर ठेवतात आणि त्या जेमतेम 5 दिवस टिकतात. प्लाझ्मा उणे 30 अंशांत गोठवला की वर्षभर चालतो. म्हणजे एका माणसाने अर्ध्या तासात दिलेल्या रक्तातून डेंग्यूच्या एखाद्या रुग्णाला याच आठवड्यात प्लेटलेट जातील, ऑपरेशनच्या रुग्णाला महिन्याभरात पॅक सेल जातील आणि यकृताच्या आजाराच्या कुणाला सहा महिन्यांनी प्लाझ्मा मिळेल. तिन्ही पिशव्यांवर घटकाचं नाव वेगळं, शेवटची तारीख वेगळी, साठवायचं तापमान वेगळं. नंबर मात्र एक. तुमच्या आत्यांना त्यातल्या तांबड्या पेशी मिळाल्या, शेजारच्या काकूंना प्लाझ्मा. त्यांच्या पिशवीचं लेबलही गुलाबीच असणार, आठवून पाहा.

आता नावाचं. रक्तदात्याचं नाव रक्तपेढीकडे असतं, पत्ता आणि सहीसकट असतं. ते पिशवीवर लिहीत नाहीत याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे ओळख पटवायला नाव फार कच्चं पडतं. सोलापूर हे सिद्धेश्वरांचं शहर. या पट्ट्यात सिद्धाराम, सिद्धेश्वर, शिवानंद, मल्लिनाथ ही नावं घराघरांत आहेत. त्यात वळसंग-अक्कलकोटकडचं कुटुंब घरी कानडी बोलणारं, फॉर्म भरणारा मराठी, संगणकावर इंग्रजी स्पेलिंग. मल्लिनाथ, मल्लीनाथ, मल्लिनाथप्पा असं एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने उतरतं. सातबाऱ्यावर नावं सारखी असली तरी गट नंबर जमीन नेमकी कुठली ते सांगतो, तसंच काम इथे हा नंबर करतो. तो पुन्हा कुणाला दिला जात नाही.

दुसरं कारण माणसांचं आहे. नाव कळलं की उपकाराचं ओझं येतं, कधी देणाऱ्याकडून पैशांची अपेक्षा, कधी घेणाऱ्याकडून जातीधर्माची चौकशी. रक्त देणाऱ्याच्या तपासण्यांचे निकालही त्याच्या नावाशी जोडलेले असतात आणि ते गुप्त राखायचे असतात. उलट बाजूने, रक्त घेणाऱ्याला कोणता आजार आहे हे त्याच्याशी ओळख नसलेल्या माणसाला कळण्याचं काहीच कारण नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हेच. रक्त कुणाला गेलं हे नोंदवहीला पक्कं माहीत असतं. देणारा आणि घेणारा यांना मात्र एकमेकांपासून मुद्दाम दूर ठेवलेलं असतं.

या नोंदींमागे कायदा आहे. आपल्याकडे रक्त हे औषध धरलं जातं. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 चा, त्याखालचे नियम 1945 चे. त्या नियमांच्या अनुसूची एफमधल्या भाग बारा-बीमध्ये रक्तपेढीने काय काय करायचं ते लिहिलेलं आहे. म्हणूनच रक्तपेढीचा परवाना अन्न व औषध प्रशासनाच्या वाटेने येतो आणि परवान्याचा क्रमांक पिशवीवर छापावा लागतो. मार्च 2020 च्या दुरुस्तीपासून नियमांत 'रक्तपेढी' ऐवजी 'रक्त केंद्र' असा शब्द आला, तेव्हा पाटीवर 'ब्लड सेंटर' दिसलं तर गोंधळू नका.

लेबलवर घटकाचं नाव, पिशवीचा नंबर, रक्त घेतल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, रक्तगट, आरएच, किती मिलिलिटर, गोठू नये म्हणून कोणता द्रव घातला, किती तापमानात ठेवायचं आणि तपासण्यांचे निकाल एवढं तरी हवंच. शिवाय रक्त चढवताना गाळणी असलेला सेट वापरा, रंग बदललेला किंवा गुठळ्या दिसल्या तर पिशवी वापरू नका, अशा सूचना. त्यामागे नोंदवह्यांची रांग उभी असते. रक्तदात्यांची वही वेगळी. प्रत्येक पिशवीची जन्मापासून शेवटपर्यंतची हकिगत सांगणारी मुख्य नोंद वेगळी. तिच्यात पिशवीतून कोणते घटक काढले, ते कुणाला दिले की टाकून दिले, हे सगळं असतं. तुम्ही सही केली ती 'इश्यू'ची वही. तिच्यात तारखेबरोबर वेळही लिहितात. रिकाम्या पिशव्यांचा बॅच नंबर, तपासणीच्या किटची नोंद, रक्त चढवल्यावर कुणाला त्रास झाला असेल तर त्याची नोंद, यांनाही स्वतंत्र वह्या. हे सगळं नियमाप्रमाणे 5 वर्षं जपायचं असतं. आज अनेक ठिकाणी हे संगणकावर असतं, पण नोंदी त्याच ठेवायच्या असतात.

इतका खटाटोप कशासाठी, हे एका उदाहरणावरून कळेल. समजा, नेहमी रक्त देणारा एक जण या वेळच्या तपासणीत एखाद्या संसर्गाला बाधित निघाला. ही पिशवी तर नष्ट होतेच. पण चार महिन्यांपूर्वी त्याने दिलेल्या रक्ताचं काय? संसर्ग नुकताच झालेला असतो तेव्हा काही काळ तो तपासणीत सापडत नाही. त्यामुळे मागच्या रक्तदानाचा नंबर काढायचा, त्यातून किती पिशव्या झाल्या ते पाहायचं, गोठवलेला प्लाझ्मा अजून फ्रीझरमध्ये असेल तर तो तिथेच थांबवायचा, ज्यांना घटक गेले त्या रुग्णालयांना कळवून त्या रुग्णांची तपासणी करून घ्यायची. उलटंही होतं. रुग्णाला काही झालं तर त्याच्या पिशवीच्या नंबरावरून रक्तदात्यापर्यंत जाता येतं. एका कागदावर एक आकडा चुकीचा उतरला की दोन्हीकडची वाट तिथेच बंद.

लेबलवरच्या तपासण्यांच्या ओळी एकदम आलेल्या नाहीत. एचआयव्हीची तपासणी आपल्याकडे 1989 मध्ये सक्तीची झाली, 'सी' प्रकारच्या काविळीची 2001 मध्ये. आता एचआयव्ही, कावीळ 'बी', कावीळ 'सी', गरमी आणि मलेरिया या पाच तपासण्यांशिवाय पिशवी बाहेर पडू शकत नाही. निकाल येईपर्यंत पिशव्या वेगळ्या फ्रिजमध्ये असतात आणि शेवटचं रंगीत लेबल निकालानंतरच लागतं. म्हणून ते लेबल पाहणं म्हणजे पिशवी तपासून पार झाल्याची निशाणी पाहणं.

'स्वेच्छा रक्तदाता' या दोन शब्दांनाही इतिहास आहे. एके काळी पैसे घेऊन रक्त विकणारे लोक रक्तपेढ्यांच्या दारात बसलेले असत; गरिबीने गांजलेली, स्वतःच अशक्त, आजार लपवणारी माणसं. मुंबईत 1954 पासून लीला मुळगावकर यांनी स्वेच्छेने रक्त देण्याची चळवळ उभी केली. तरी विक्री थांबायला न्यायालय यावं लागलं. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 4 जानेवारी 1996 रोजी निकाल दिला, दोन वर्षांत ही विक्री बंद करायला सांगितलं, राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर रक्त संक्रमण परिषदा नेमायला लावल्या. तेव्हापासून पिशवीवर रक्तदाता स्वेच्छेचा की बदली, हे ठळक लिहावं लागतं. बदली म्हणजे रुग्णाच्या नातेवाइकांनी दिलेलं. घरच्यांच्या दबावाने आलेला माणूस प्रश्नांची खरी उत्तरं देईलच असं नाही. म्हणून वळसंगसारख्या गावात कुणी न सांगता शिबिरात येणारा माणूस रक्तपेढीला इतका मोलाचा असतो.

लेबलाचा गुलाबी रंग सांगतो की रक्त बी गटाचं आहे. ए ला पिवळा, ओ ला निळा, एबी ला पांढरा. हे रंग नियमातच ठरवून दिले आहेत. पण एक गोष्ट आवर्जून सांगतो. रंग फक्त ए, बी, ओ यांच्यापुरता आहे. पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे तो सांगत नाही. बी पॉझिटिव्ह आणि बी निगेटिव्ह दोन्ही गुलाबीच. त्यामुळे रंग पाहून समाधान मानू नका, अक्षर वाचा आणि अक्षरापुढचं चिन्हही वाचा.

काउंटरवरच्या ताईंनी नंबर तीनदा मोठ्याने वाचला, त्याबद्दल थोडं. चुकीच्या रक्तामुळे होणारे मोठे अपघात बहुतेक वेळा प्रयोगशाळेतल्या चुकीने होत नाहीत. ब्रिटनमध्ये 1996 पासून अशा घटनांची देशभर नोंद ठेवतात आणि तिथल्या अहवालांत वर्षानुवर्षं माणसाच्या हातून झालेल्या चुकाच पुढे दिसतात. रुग्णाचं सँपल घेताना ट्यूबवर दुसऱ्याचं नाव, किंवा पिशवी बरोबर पण लावली शेजारच्या कॉटवर. आपल्याकडे यात आणखी एक दुवा असतो, तो म्हणजे तुम्ही. रक्तपेढी ते वॉर्ड हा प्रवास बहुतेक ठिकाणी नातेवाईक करतात. तेव्हा काही गोष्टी तुमच्याच हातात आहेत.

सँपल घेणारी व्यक्ती रुग्णाला "तुम्ही मल्लिनाथ ना?" असं विचारत असेल तर हळूच म्हणा, "त्यांनाच नाव सांगू द्या." ग्लानीत असलेला माणूस, किंवा मराठी अर्धवट समजणारी कानडी आजी, कोणत्याही नावाला मान हलवते. ट्यूबवर नाव आणि रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक कॉटपाशीच लिहिला जातो का, ते बघा. पिशवी घेतल्यावर वाटेत चहाला थांबू नका. सोलापूरच्या मे महिन्यात डिकीत ठेवलेल्या डब्याचं काय होतं ते सांगायला नको. पिशवी थंड लागते म्हणून गरम पाण्यात किंवा उन्हात तर कधीच ठेवू नका. तांबड्या पेशी फुटतात. फ्रिजमधून निघालेली पिशवी साधारण 30 मिनिटांत लागली पाहिजे आणि 4 तासांत संपली पाहिजे. वॉर्डात आली की दोन जणांनी मिळून पिशवी, क्रॉसमॅचची स्लिप, केसपेपर आणि रुग्ण यांची गाठ घालायची असते. ती होताना तुम्ही शेजारी उभ्या राहिलात तर कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी उभ्या राहा.

रक्त लागल्यानंतरची पहिली 15 मिनिटं सर्वांत महत्त्वाची. थंडी वाजून हुडहुडी भरली, कंबर किंवा छाती दुखू लागली, दम लागला, अंगावर गांधी उठल्या किंवा लघवी लालसर-काळी झाली तर ताबडतोब सिस्टरना बोलवा. त्या रक्त थांबवतील. पिशवी फेकून देऊ नका. ती, तिचा सेट आणि रुग्णाचं नवं सँपल रक्तपेढीत परत जातं. तिथे तपासाची पहिली पायरी सूक्ष्मदर्शक नसतो, कागद असतो. नंबर कुठे चुकला का, हे सगळ्यात आधी बघतात. अशा त्रासांची देशपातळीवरची नोंद 10 डिसेंबर 2012 पासून नोएडाच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बायोलॉजिकल्सकडे होते.

एक शंका कुणाच्याही मनात येईल. सोलापुरातच गोपाबाई दमाणी रक्तपेढी आहे, हेडगेवार रक्तपेढी आहे, सिव्हिलची आहे. प्रत्येकीने आपापले नंबर एकापासून सुरू केले तर दोन पिशव्यांचे नंबर सारखे येणार नाहीत का? येऊ शकतात. म्हणूनच नंबरासोबत रक्तपेढीचं नाव आणि परवाना क्रमांक वाचायचा. जगात अनेक देशांनी यासाठी आयएसबीटी 128 नावाची पद्धत स्वीकारली. तिच्यात रक्तदानाचा क्रमांक 13 अक्षरांचा असतो. पहिली 5 अक्षरं कोणत्या केंद्राने रक्त घेतलं ते सांगतात, पुढची 2 वर्ष सांगतात आणि उरलेली 6 त्या केंद्रातला अनुक्रम. बारकोड यंत्राने वाचला की हाताने उतरवण्याचा प्रश्नच मिटतो. आपल्याकडे 2016 मध्ये ई-रक्तकोष सुरू झाला. कोणत्या रक्तपेढीत कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत, हे त्यावर घरबसल्या बघता येतं.

शिबिरात रक्त देणाऱ्या तुमच्या गावकऱ्यांना एक निरोप द्या. रक्तदानाच्या कार्डावरचा नंबर जपून ठेवा. रक्त देऊन घरी गेल्यावर दोन-चार दिवसांत ताप आला, कावीळ झाली, किंवा फॉर्म भरताना लाजेने एखादी गोष्ट लपवली आणि आता मन खातंय, तर रक्तपेढीला फोन करून फक्त तो नंबर सांगा. पिशवी अजून फ्रिजमध्ये असली तर बाजूला काढता येते. कुणी रागावत नाही. असा फोन करणाऱ्या माणसाचे रक्तपेढीवाले आभारच मानतात.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या जुन्या कार्डावर 'ओ पॉझिटिव्ह' असं स्पष्ट लिहिलं आहे. तरी दर वेळी रक्त लागलं की रक्तपेढी पुन्हा सँपल मागते, पुन्हा गट तपासते. कार्डावर विश्वास का ठेवत नाहीत?
— एक निवृत्त शिक्षक, वळसंग

उत्तर : गुरुजी, कार्ड खरं असेलही, पण ट्यूबमधलं रक्त त्याच कार्डाच्या मालकाचं आहे हे कार्ड सांगू शकत नाही. नवा गट जुन्या नोंदीशी जुळला तर ट्यूब बरोबर माणसाची आहे याचा तो चांगला पुरावा असतो. जुळला नाही तर रक्तपेढी तिथेच थांबते. म्हणून कार्ड जरूर दाखवा. ते निरुपयोगी नाही.

दुसरं कारण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे आणि जगभर शिकवलं जातं. रक्तगट दोन बाजूंनी तपासतात. एकदा रुग्णाच्या तांबड्या पेशी तयार प्रतिद्रव्यांशी मिसळून बघतात, आणि एकदा रुग्णाचा प्लाझ्मा माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशींशी मिसळून बघतात. दोन्ही उत्तरं एकमेकांना पटली पाहिजेत. 1952 मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी माणसं सापडली की ज्यांच्या पेशी ओ गटासारख्या वागत होत्या, पण ज्यांचा प्लाझ्मा ओ गटाच्या पेशींनासुद्धा गोळा करत होता. 'लॅन्सेट' या नियतकालिकात हा शोध छापला गेला आणि त्या गटाला जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणू लागले. ए, बी, ओ या सगळ्या पेशींच्या पृष्ठभागावर कमी-जास्त असणारा एच नावाचा मूळ पदार्थच या लोकांकडे नसतो, आणि शरीर त्या पदार्थाविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवतं. त्यामुळे सर्वांना चालतं असं समजलं जाणारं ओ गटाचं रक्तही त्यांच्या जिवावर बेतू शकतं. त्यांना फक्त दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचंच रक्त चालतं.

भारतात असे लोक साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक. म्हणजे हा प्रश्न आपल्याच वॉर्डात निघण्याची शक्यता जास्त. पेशींची एकच बाजू तपासून कुणी कार्डावर घाईने 'ओ' लिहिलं, तर तो माणूस आयुष्यभर चुकीचा रक्तगट खिशात घेऊन फिरतो आणि त्याला ते कळत नाही. प्लाझ्माची बाजू तपासली आणि क्रॉसमॅच केलं की ही चूक तिथे पकडली जाते. असा गट असलेल्या दात्यांच्या याद्या काही रक्तपेढ्या आणि मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था यांच्यामुळे हाताशी असतात. एखाद्या रुग्णासाठी अशा दात्याला शोधायचं तर नोंद नीट असली पाहिजे, एवढीच वाट असते.

तिसरी गोष्ट वडिलांच्या बाबतीत फार महत्त्वाची. त्यांना गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर रक्तपेढीने विचारायची वाट न पाहता ते सांगा. बाहेरचं रक्त आल्यावर शरीर नवी प्रतिद्रव्यं बनवू शकतं, आणि ती मागच्या आठवड्याच्या सँपलमध्ये दिसणार नाहीत. अशा रुग्णाचं सँपल 3 दिवसांच्या आतलं असावं लागतं. तेव्हा "परवाच तर दिलं होतं" असं म्हणत असाल आणि तो परवा तेरवाच्या पलीकडे गेला असेल, तर वडिलांचा हात पुन्हा एकदा पुढे करा.